बोर्डावर आहे तेच लिहा

काही महागड्या वाय-फाय राउटरमध्ये पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी दोन रेडिओ असतात, आणि दोन्हींची चिप अगदी एकच असते. फरक असतो तो चिपच्या बाहेर. एकीपुढचे ॲम्प्लिफायर आणि अँटेना पट्ट्याच्या खालच्या भागासाठी जुळवलेले, दुसरीपुढचे वरच्या भागासाठी. चिपला हे ठाऊक नसते. कोणते चॅनेल चालतात असे विचारले, तर दोघीही पट्ट्यातले सगळे चॅनेल सांगतात. चिपपुरते ते खरे असते, त्या बोर्डापुरते नसते. खालच्या भागासाठी जुळवलेला रेडिओ वरच्या चॅनेलवर लावला की वेग कोसळतो किंवा जोडणीच होत नाही, आणि घरातली माणसे भिंतींना नाहीतर इंटरनेट देणाऱ्याला दोष देत बसतात.

लिनक्स कर्नलमध्ये यावरचा उपाय एका ओळीचा आहे. ‘आयईईई८०२११-फ्रेक-लिमिट’ या नावाच्या गुणधर्मात त्या रेडिओची खालची आणि वरची मर्यादा किलोहर्ट्झमध्ये लिहायची. मग त्याबाहेरचे चॅनेल वापरात येतच नाहीत. या गुणधर्माचे दस्तऐवजही कर्नलच्या मूळ संग्रहातच आहे, आणि त्यात कारण म्हणून नेमके अशाच राउटरचे उदाहरण दिलेले आहे. यंत्राला जे स्वतः सांगता येत नाही, ते माणसाने लिहून ठेवायचे. व्यवहार एवढाच. पण काय लिहायचे, कोणत्या शब्दांत आणि कोणी लिहायचे, यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. त्या वादांत माझी बाजू ठरलेली आहे. वर्णन बोर्डावर जे आहे त्याचेच असले पाहिजे. तो आग्रह कितीही जाचक वाटला तरी सोडता कामा नये. आणि हे वर्णन लिहिण्याचा भार चिप विकणाऱ्याने उचलला पाहिजे.

टेबलावरच्या संगणकात ही अडचण सहसा जाणवत नाही. पीसीआय किंवा यूएसबीवरचे उपकरण विचारल्यावर आपला उत्पादक आणि क्रमांक सांगते, उरलेली माहिती बायोसच्या तक्त्यांत मिळते. मोबाइल, राउटर, टीव्हीचा डबा यांच्या पोटात तसे नसते. कोणती पिन कशाला जोडली आहे, कोणत्या चिपला किती व्होल्टचा पुरवठा कुठून येतो, हे सर्किटच्या आराखड्यात असते, आणि तो आराखडा कंपनीच्या कपाटात. ही माहिती कर्नलला देण्यासाठी झाडासारखी रचना वापरतात. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. कल्पना जुनी आहे. सन कंपनीच्या वर्कस्टेशनमध्ये ती होती, १९९४ साली ती आयईईई १२७५ या प्रमाणकात आली, ॲपलच्या पॉवर मॅकनेही ती वापरली, आणि तिथून ती लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेत रुजली. एआरएम प्रोसेसरच्या दुनियेत मात्र प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतली स्वतंत्र फाइल लिहिण्याची रीत होती. नवा फोन आला की नवी फाइल. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला. डिव्हाइस ट्री एआरएमवर आणण्याचे काम ग्रँट लाइकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच सुरू केले होते. त्या संतापानंतर त्याला वेग आला. पुढे आलेल्या आरआयएससी-५ प्रोसेसरांनी तर बोर्ड फाइलींची वाट कधी धरलीच नाही.

या बदलात फाइलींची जागा बदलली, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. मला महत्त्वाचे वाटते ते लिहिण्याच्या रीतीत झालेले स्थित्यंतर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डब्ल्यूएल१२ मालिकेतल्या वाय-फाय चिप्सना बाहेरून एक घड्याळ-संकेत लागतो, आणि त्याची वारंवारता बोर्डागणिक वेगळी असते. जुन्या बोर्ड फाइलींत ही माहिती एका संकेतांकाने दिली जाई: ३८.४ मेगाहर्ट्झ असेल तर २. हा २ कुठून आला? चिपमधल्या फर्मवेअरला तो तसा लागत असे म्हणून. म्हणजे बोर्डाच्या वर्णनात फर्मवेअरची खासगी बोली शिरली होती. डिव्हाइस ट्रीत आल्यावर तिथे सरळ हर्ट्झमधला आकडा लिहायचे ठरले, आणि त्याचा संकेतांक करून घेणे ड्रायव्हरवर सोपवले गेले. ऑसिलोस्कोप लावून कोणीही पडताळू शकेल अशी गोष्ट बोर्डाच्या वर्णनात. ड्रायव्हर आणि फर्मवेअरच्या आपसातल्या खुणा त्यांच्यापाशी.

आपल्या सातबाऱ्यात गाव नमुना सात जमिनीचे क्षेत्र आणि हक्क सांगतो, तर नमुना बारा तिच्यावर उभे असलेले पीक. पीक हंगामागणिक बदलते. म्हणून कोणी सातमधले क्षेत्र पिकाच्या सोयीने लिहीत नाही. डिव्हाइस ट्रीचा मुख्य नियम याच जातीचा आहे. तांब्याच्या रेषा, पिना, पुरवठे, घड्याळे यांची नोंद करा. आजचा ड्रायव्हर त्यांचा कसा उपयोग करतो हे तिथे आणू नका.

नियम सांगायला सोपा, पाळायला अवघड. क्वालकॉमच्या वाय-फाय चिप्सचेच पाहा. अशा चिपला बोर्डाप्रमाणे जुळवणीची माहिती लागते आणि अनेक बोर्डांची माहिती एकाच मोठ्या फाइलीत साठवलेली असते. त्यातली आपली कोणती, हे चिपच्या ओळख क्रमांकांवरून ठरावे अशी अपेक्षा. पण निरनिराळ्या बोर्डांवर तेच क्रमांक निघतात. म्हणून डिव्हाइस ट्रीत एक वेगळे नाव लिहिण्याची सोय झाली, आणि त्या गुणधर्माला नाव मिळाले ‘क्वालकॉम, एटीएच१०के-कॅलिब्रेशन-व्हेरिअंट’. यातले एटीएच१०के हे लिनक्समधल्या ड्रायव्हरचे नाव. बोर्डावर एटीएच१०के नावाचे काहीही नसते. पुढच्या पिढीच्या चिप्ससाठी नवा ड्रायव्हर आला, तेव्हा त्याच कामासाठी ‘एटीएच११के’ असलेला दुसरा गुणधर्म तयार झाला. एका गोष्टीला दोन नावे पडली, कारण पहिले नाव गोष्टीचे नव्हतेच. अखेर ड्रायव्हरचे नाव गाळून सर्वांना चालेल असा एकच गुणधर्म ठरवण्यात आला. जुनी नावे मात्र पुसता येत नाहीत. ती कालबाह्य म्हणून नोंदवली गेली, आणि ड्रायव्हरला ती यापुढेही वाचावीच लागतील.

ती पुसता का येत नाहीत, यात सगळ्या आग्रहाचे कारण आहे. डिव्हाइस ट्री पुष्कळदा उपकरणाच्या फ्लॅश मेमरीत किंवा बूटलोडरमध्ये बसून कारखान्यातून बाहेर पडते. त्यानंतर कर्नल कितीही नवा आला, तरी त्या जुन्या वर्णनावर उपकरण चालले पाहिजे, असा संकेत आहे. ड्रायव्हर उद्या मुळापासून नव्याने लिहिता येतो. एकदा प्रसृत झालेले वर्णन लाखो डब्यांतून परत मागवता येत नाही. शिवाय ते एकट्या लिनक्सच्या मालकीचेही राहिलेले नाही. यू-बूट हा बूटलोडर कर्नलच्या संग्रहातलीच वर्णने घेतो, फ्रीबीएसडीही ती आपल्याकडे आणते. ज्या कार्यप्रणालीत एटीएच१०के नावाचे काही नाही, तिने या नावाचे काय करायचे?

मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद वाटलेले प्रकरण वीजपुरवठ्याचे आहे. क्वालकॉमच्या क्यूसीए६३९० सारख्या चिपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच आवरणात असतात. वाय-फायचा भाग पीसीआयवर जोडलेला, ब्लूटूथचा सिरियल पोर्टवर. पीसीआयवरचे उपकरण स्वतःची ओळख देते हे आधी म्हटलेच; पण ओळख देण्यासाठी त्याला वीज मिळालेली असावी लागते, आणि ती वीज कशी द्यायची हे ओळख पटल्याशिवाय कर्नलला कळत नाही. त्यात पुरवठ्याचे मार्ग अनेक, ठराविक क्रमाने आणि ठराविक विलंबाने चालू करायचे. ते दोन्ही भागांना समाईक असल्यामुळे ब्लूटूथच्या ड्रायव्हरने आपले काम झाले म्हणून वीज तोडली, तर शेजारचे वाय-फायही पडणार. अशा बोर्डांवर बरेचदा पुरवठा कायमचा चालू ठेवून वेळ मारून नेली जाई. बॅटरीवरच्या उपकरणात याची किंमत वापरणारा रोज भरतो.

यावर प्रस्ताव आले. आधीच्या मांडणीत वीज चालू करण्याचा क्रम हाच एक घटक मानून झाडात त्याचे पान लावायचे होते. कर्नलमधल्या वर्णनांवर देखरेख करणाऱ्यांचा आक्षेप असा, की क्रम ही वस्तू नाही. बोर्डावर बोट ठेवून ती दाखवता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दच्छल वाटावा. उपाय तयार आहे, तो चालतो आहे, आणि ही मंडळी पान कोणाचे यावर अडून बसली आहेत! मलाही आरंभी तसेच वाटले होते. पण त्या आक्षेपाने लोकांना पुन्हा चिपकडे पाहायला लावले. तिच्या आवरणातच वीज वाटून देणारा एक छोटा भाग खरोखर आहे. बाहेरचे पुरवठे त्यात येतात, आणि तिथून वाय-फाय व ब्लूटूथ या दोघांना निघतात. मग वर्णनात त्याच भागाला स्वतंत्र पान मिळाले, आणि दोन्ही रेडिओ त्याचे ग्राहक म्हणून जोडले गेले. २०२४ मध्ये कर्नलच्या ६.११ आवृत्तीत याला लागणारी यंत्रणा दाखल झाली. क्रम आता ड्रायव्हरमध्ये राहतो आणि वस्तू वर्णनात. दोन ड्रायव्हरांमधला झगडाही त्यातूनच सुटला, कारण दोघांनाही वीज देणारा तिसरा घटक झाडात दिसू लागला. आग्रह सैल पडला असता, तर अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे पान आज कित्येक फोनांच्या आणि लॅपटॉपच्या वर्णनांत कायमचे राहिले असते.

या काटेकोरपणाविरुद्धची तक्रार मी हलकी मानत नाही. एका छोट्या राउटरसाठी वीस ओळी पाठवणाऱ्या नवख्या माणसाला चार-पाच वेळा परत पाठवले जाते. स्वल्पविराम चुकला, क्रम चुकला, गुणधर्माच्या नावात उत्पादकाचा उपसर्ग नाही. यातला किरकोळ भाग आता यंत्राकडे गेला आहे. पूर्वी ही दस्तऐवजे साध्या गद्यात असत आणि गद्याला सोयीप्रमाणे अर्थ लावता येतो. २०१८ च्या सुमारास देखरेख करणाऱ्यांपैकी रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने ती यामल या काटेकोर स्वरूपात लिहायला सुरुवात झाली, आणि वर्णन दस्तऐवजाशी जुळते की नाही हे एका आज्ञेने तपासता येऊ लागले. पण तपासणी यंत्राने केली तरी एक प्रश्न यंत्र विचारत नाही, तो माणूस विचारतो: ही पिन नेमके काय करते? घरी बसून जुना राउटर उघडून पाहणाऱ्याकडे त्याचे उत्तर नसते. ते डेटाशीटमध्ये असते, आणि डेटाशीट गोपनीयतेच्या कराराशिवाय मिळत नाही.

म्हणून माझा रोख देखरेख करणाऱ्यांवर नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो गप्प आहे, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून आपण ते मागतो आहोत, हा खरा दोष.

या मौनाची किंमत वाय-फायच्या इतिहासात स्पष्ट दिसते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स आहे हे उघड झाल्यावर २००३ मध्ये कंपनीला त्याचा स्रोत खुला करावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे खुले सॉफ्टवेअर उभे राहिले. पण ब्रॉडकॉमच्या रेडिओचा ड्रायव्हर बंद स्वरूपातच राहिला. तो कर्नलच्या २.४ शाखेसाठी घडवलेला होता, म्हणून बाकी सगळे पुढे गेल्यावरही ते राउटर वर्षानुवर्षे त्या जुन्या शाखेला बांधून राहिले. शेवटी काही स्वयंसेवकांनी तो बंद ड्रायव्हर उलगडला. त्यांची पद्धत पाहिली की मला आजही आदर वाटतो. एका गटाने बंद ड्रायव्हर वाचायचा आणि चिप कशी वागते याचे गद्य वर्णन लिहायचे. दुसऱ्या गटाने बंद ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता, निव्वळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. २००६ मध्ये तो २.६.१७ या कर्नलमध्ये आला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. कंपनीच्या एखाद्या अभियंत्याने काही आठवड्यांत लिहिली असती अशी माहिती मिळवण्यासाठी हुशार माणसांची वर्षे खर्ची पडली.

कंपन्यांचे नेहमीचे उत्तर कायद्याचे असते. रेडिओची शक्ती आणि वारंवारता सरकार ठरवते, आम्ही सगळे उघडे केले तर लोक मर्यादा ओलांडतील. अमेरिकेत २०१५ मध्ये एफसीसी या दूरसंचार आयोगाच्या नियमांमुळे ही भीती खूपच वाढली, आणि राउटरवर दुसरे सॉफ्टवेअर चढवणेच बंद होणार की काय अशी चिन्हे दिसू लागली. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, त्याच आयोगाने टीपी-लिंकशी केलेल्या तडजोडीत उलट दिशा दाखवली. कंपनीला २ लाख डॉलर दंड झाला, आणि नियम पाळून खुले सॉफ्टवेअर कसे चालवता येईल यासाठी चिप उत्पादकांबरोबर काम करण्याचे बंधन तिने स्वीकारले. मर्यादा पाळण्यासाठी माहिती दडवावी लागत नाही; लिहून ठेवली की ती पाळणे उलट सोपे होते. मीडियाटेकच्या वाय-फाय चिप्सच्या दस्तऐवजात बोर्डाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे शक्तीची कमाल मर्यादा लिहिण्याची सोय आहे. देशोदेशींचे नियम एका वेगळ्या खुल्या संग्रहात साध्या मजकुरात ठेवलेले असतात, भारताचेही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. नियम असे सैल होतात, कधी आवळलेही जातात. खुल्या नोंदीत त्यासाठी ओळ बदलावी लागते. बंद फर्मवेअरमध्ये कोरलेली मर्यादा मात्र कंपनीने मनावर घेईपर्यंत तशीच राहते.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. चिपमधले फर्मवेअर बंदच असताना बाहेरच्या जोडण्यांचे वर्णन खुले करून काय साधते? हे खरे आहे की आजच्या बहुतेक वाय-फाय चिपमध्ये स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचे बंद सॉफ्टवेअर असते. ॲपलच्या एम१ मॅकमधल्या ब्रॉडकॉम चिपचे उदाहरण घ्या. तिथे लिनक्स नेणाऱ्या असाही प्रकल्पाला कोणतेही जाहीर दस्तऐवज मिळाले नव्हते. योग्य फर्मवेअर निवडण्यासाठी बोर्डाचे नाव लागते, आणि ॲपलने ती नावे बेटांवरून ठेवली आहेत, होन्शू, शिकोकू अशी. अँटेनांच्या मांडणीसाठी वेगळा संकेत लागतो. तो बूटलोडर यंत्रातूनच वाचून झाडात भरतो. एखादा संकेत म्हणजे अँटेनांची नेमकी कोणती मांडणी, हे बाहेरच्या कोणाला ठाऊक नाही. तरीही त्या गुणधर्मांचे दस्तऐवज कर्नलमध्ये रीतसर लिहिले गेले: हा संकेत कशासाठी, कोण भरतो, त्यावरून काय ठरते. बंद पेटीच्या कडा कुठे आहेत, हे तरी त्यामुळे सर्वांना दिसते. जे बंद आहे ते किती बंद आहे हे मोजता येणे, ही उघडण्याची मागणी करण्यापूर्वीची गरज आहे.

आणि फायदा केवळ तात्त्विक नाही. कारखान्यात प्रत्येक राउटरचा रेडिओ जुळवला जातो, आणि ती माहिती फ्लॅशच्या एका छोट्या विभागात साठवली जाते. तो विभाग पुसला गेला तर त्या नगाची जुळवणी कायमची जाते. डिव्हाइस ट्रीतल्या मोजक्या ओळी सांगतात की ती माहिती कोणत्या विभागात, कितव्या बाइटपासून आहे. त्या ओळींच्या आधारावर कंपनीने वाऱ्यावर सोडलेला राउटर नव्या कर्नलवर चालतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ सुरक्षेतली क्रॅक ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीच्या त्या वेळच्या लेडे शाखेने काही दिवसांतच दुरुस्त आवृत्ती दिली. तोच राउटर मूळ सॉफ्टवेअरवर असता, तर कंपनीने पाठिंबा काढून घेतलेल्या कित्येक नगांना ती दुरुस्ती कधीच मिळाली नसती. नवा राउटर घेणे ज्याला परवडत नाही, त्याच्या घराची सुरक्षा अशी त्या ओळींवर टेकलेली असते.

आता भार कोणावर, याकडे येतो. कंपन्या हे काम करतच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्वालकॉम, मीडियाटेक, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांचे अभियंते आज आपापल्या चिप्सची वर्णने पाठवतात. पण ती येतात केव्हा? बहुधा चिप बाजारात गेल्यावर. तोवर बोर्ड बनवणाऱ्यांच्या हाती कंपनीचा खासगी कर्नल असतो. त्यात मन मानेल तसे गुणधर्म असतात, कोणी तपासलेले नसतात, दस्तऐवज नसते. त्या खासगी शब्दांवर लाखो नग विकले जातात, आणि मग कोणीतरी मूळ कर्नलकडे येऊन म्हणतो की हेच शब्द स्वीकारा, कारण ते आधीच वापरात आहेत. ही उलटी वाट विनवणीने सरळ होणार नाही. ती खरेदीने होईल.

भारतात हे करण्याची ताकद सरकारी खरेदीत आहे. सार्वजनिक वाय-फायसाठीच्या पीएम-वाणी योजनेला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली, भारतनेटमधून ग्रामपंचायतींपर्यंत तारा गेल्या. सार्वजनिक पैशातून ॲक्सेस पॉइंट आणि राउटर घेताना निविदेत वॉरंटी, वेग, तापमानाची सहनशक्ती यांच्या अटी घालता येतात. त्यांच्या शेजारी आणखी एक अट बसते: बोर्डाचे वर्णन मूळ कर्नलमध्ये स्वीकारले गेलेले असावे आणि खरेदीच्या दिवशी स्वयंचलित तपासणीत ते उत्तीर्ण व्हावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे आरआयएससी-५ प्रोसेसर सार्वजनिक पैशाने घडले आहेत. त्यांच्याभोवती जे बोर्ड बनतील, त्यांवर रेडिओ कोणाचाही असो, त्याच्या पिना, पुरवठे आणि जुळवणीच्या जागा यांची नोंद पहिला नग विकण्याआधी खुली झाली पाहिजे. आराखडा काढणारा अभियंता त्या वेळी अजून त्याच टेबलावर असतो. कोणती रेषा कुठे गेली हे त्याला आराखड्यात बघावेही लागत नाही, आणि लिहायला त्याला एक दुपार पुरते.